शेवंतीचं डावं अंग

"घोडीत काय खोड न्हाई नव्हं?" रंगराव पिसाळांनी विचारलं.

मी शेवंतीच्या डाव्या अंगाला उभा होतो, नेहमीसारखा, तळहात तिच्या गालावर टेकवून. समोर पिसाळ आणि त्यांची पंधरा वर्षांची लेक वैजयंता. जून लागला होता. पाचगणीची गिऱ्हाइकं उतरून गेली होती, टेबललँडवर धुकं मुक्कामाला आलं होतं, आणि आम्हा घोडेवाल्यांची जनावरं एकेक करून घाट उतरायला लागली होती. पावसाळ्याचे चार महिने घोडं वर ठेवलं तर त्याचे खूर कुजतात. म्हणून आम्ही ते वाईकडच्या गावांत ओळखीच्या माणसाकडे सोडतो. त्याने चारायचं, सांभाळायचं, वाटलं तर बसायचं. दसऱ्याला आम्ही परत आणायचं. यात कुणी कुणाला काही द्यायचं घ्यायचं नसतं.

माझी घोडी एरवी मेव्हण्याकडे जायची. त्याचा जन्म घोड्यांत गेलेला. त्या वर्षी मात्र मी ती या पोरीला देत होतो.

"खोड?" मी म्हणालो. "दादा, या इकडं. हे बघा, गळ्याला देवमणाचा भोवरा, लई शुभ. छातीवरचा भोवरा बघा कसा सरळ हाय. डोळ्याखाली आसूढाळाचा भोवरा न्हाई, पाठीवर वाकडा भोवरा न्हाई. चारी पाय पांढरे, कपाळाला पट्टा. पंचकल्याणी म्हनत्यात हिला. अख्ख्या पाचगणीत अशी दुसरी दाखवा. अंगावर एक खोड दाखवली तर मिशी उतरवीन."

पिसाळांनी घोडीभोवती चक्कर मारली. त्यांची जांभुळखेडला पिठाची गिरणी होती. घोड्यातलं त्यांना काही कळत नव्हतं, आणि ते कळत नाही हे लपवावंसंही त्यांना वाटत नव्हतं. भला माणूस. देवमण ऐकून त्यांनी घोडीला हात जोडले.

"लाथ बीथ?"

"निव्वळ गाय हाय."

"मग असू दे. गिरणीत कोंडा पडतोच. पोरीनं डोकं खाल्लंय महिनाभर."

पोरीनं माझंही डोकं खाल्लं होतं. मे महिन्यात ती पाचगणीला मावशीकडे आली होती आणि पहिल्या दिवसापासून घोड्यांच्या तळावरच पडीक होती. आधी नुसती बघायची. मग खरारा करायला लागली. मग लीद उचलायला लागली, तेव्हा मला तिचं कौतुक वाटलं. पर्यटकांची पोरं लीद बघून नाक धरतात. पंधरा दिवसांत तिची बैठक अशी बसली की माझ्या पुतण्यांना मी तिचं उदाहरण द्यायला लागलो. हाताने हलकी होती. लगाम धरायची तो पिठाच्या चाळणीसारखा, सांडू नये इतपत.

"अण्णा, मी तिला पावसात भिजू देणार नाही," ती म्हणाली. "रोज खूर साफ करीन."

"ते कर. आणि एक ध्यानात ठेव. हाताने धरून नेशील तवा डाव्या अंगानं चाल. तिला तशी सवय हाय."

"का?"

"सवयीला का नसतं, पोरी."

ती हसली. लगाम हातात घेऊन शेवंतीच्या डाव्या बाजूला गेली आणि बापलेक घाटाच्या रस्त्याला लागले. मी वळणापर्यंत बघत राहिलो. मला हलकं वाटलं, हे कबूल करतो.

गणपतीत मी जांभुळखेडला गेलो. मोदक खायला म्हणून गेलो, पण खरं तर घोडी बघायला. शेवंती अशी चमकत होती की मीच तिला परका वाटेन म्हणून दबकत पुढे झालो. पण तिने आवाज ओळखला. मी लांबून "शेवंती, ये" म्हटलं की ती सरळ चालत यायची, ही तिची लहानपणापासूनची रीत. दाव्याला ताण देऊन ती माझ्याकडे सरकली आणि तोंड माझ्या काखेत घातलं.

"बघा," वैजयंता म्हणाली, "आमच्या घरात राहून पण तुमचीच."

तिची आई चहा करत होती, पिसाळ गिरणीत होते. वैजयंताने घोडीची जागा बदलली होती. गिरणीच्या भिंतीला लागून छान पडवी होती, ती सोडून तिने घोडी अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला, गोणपाटाचा आडोसा करून बांधली होती.

"इथं का?"

"तिकडं पीठ उडतं." मग जरा थांबून तिने विचारलं, "अण्णा, पिठाची धूळ जनावराला बाधते का हो?"

"कशाला बाधतीय? कोंडा खाऊनच तर अशी झालीय."

"तसं नाही. म्हणजे श्वासात, नाहीतर... डोळ्यात बिळ्यात गेली तर?"

"धुवायचं पाण्यानं," मी म्हणालो. "लई इचार करू नको. घोडं हाय ते, तान्हं पोर न्हाई."

ती आणखी काही बोलणार होती. मी चहा आला का बघायला उठलो. पाचगणीला परत जाताना बसमध्ये मी स्वतःला समजावलं की चार आठवडेच राहिलेत, दसऱ्याला घोडी वर आणू, सीझन करू, आणि मग बाजारात नेऊन कुणाला तरी देऊन टाकू. पंचकल्याणीला गिऱ्हाईक उभ्या उभ्या मिळतं.

खंडेनवमीच्या दिवशी सकाळी मी जांभुळखेडच्या फाट्यावर बसमधून उतरलो. त्या दिवशी आमच्यात घोड्याची पूजा असते; ती गिरणीवाल्यांच्या दारात होऊ दे, मग दसऱ्याला घोडी न्यावी, असं ठरलं होतं. पिसाळ मला घ्यायला फाट्यावर आले होते. टोपी, धुतलेलं धोतर, खांद्यावर टॉवेल. ऊन स्वच्छ पडलं होतं.

"तुमची लेक कुठाय?"

"न्हाणून आणतीया घोडीला कालव्यावरनं. झेंडूच्या माळा काय, गोंडे काय, घरच्या गणपतीला एवढं केलं नव्हतं."

फाटा आणि गावचा रस्ता यांच्यामध्ये नळपाणी योजनेचा चर खणला होता. कमरेइतका खोल, दोन हात रुंद. माती सगळी आमच्या बाजूला टाकलेली. गावच्या बाजूची कड सपाट, रस्त्याला चिकटून. पलीकडे जायला पुढे पन्नास पावलांवर फळ्या टाकल्या होत्या. आम्ही तिकडे निघणार, इतक्यात पिसाळ म्हणाले, "ती बगा आली."

वैजयंता कालव्याकडून येत होती. घोडीवर बसून. गळ्यात झेंडूची माळ, कपाळाला लाल गोंडा, ओलं अंग उन्हात तांबडं लखलखत होतं. पोरीने केस घट्ट बांधले होते आणि पाठ अशी ताठ ठेवली होती की तिला बघून रस्त्यावरची दोन म्हातारी माणसं बाजूला झाली. शेवंती रस्त्याच्या मधून चालत होती, चालही सुरेख. चर तिच्या डाव्या हाताला होता आणि चराच्या पलीकडे मी.

मला राहवलं नाही. चार आठवड्यांनी बघत होतो. मी हात वर केला आणि मातीच्या ढिगावर चढून हाक मारली, "शेवंती, ये!"

तिने कान टवकारले. मग वळली आणि दुडक्या चालीने सरळ माझ्याकडे निघाली. वैजयंताला चर दिसला. तिने उजवीकडे लगाम ओढला, सगळा जोर लावून ओढला. घोडीचं तोंड वळलं, अंग वळलं नाही. डावा पाय चरात गेला. मग ती एकदम गेली.

पोरगी उडून रस्त्यावर पडली. कोपर सोलवटलं, बाकी काही नाही. ती उठून चरात उतरली आणि घोडीचं डोकं मांडीवर घेऊन बसली. शेवंती उठायचा प्रयत्न करत होती आणि पुढचा डावा पाय गुडघ्याखाली भलतीकडेच वळत होता. घोड्याचा पाय असा मोडला की पुढे काय, हे मला कुणी सांगायला नको होतं. पिसाळांनी एकाला मोटारसायकलवर वाईला पिटाळलं. डॉक्टर तासाभराने आले. त्यांनी पाय चाचपला, माझ्याकडे बघून मान हलवली आणि बॅग उघडली. मी शेवंतीच्या गालावर तळहात ठेवला होता. इंजेक्शननंतर ती माझ्या हाताखालीच थंड होत गेली.

तोवर सगळं गाव जमलं होतं. पोरीकडे सगळे बघत होते. पिसाळांचा चेहरा राखेसारखा झाला होता. दुसऱ्याचं जनावर त्यांच्या दारात, सणाच्या दिवशी मेलं होतं.

"अण्णा, काय चुकलं हो?" त्यांनी मला विचारलं. "तुम्ही जाणते. तुम्हीच सांगा."

साठ-सत्तर माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती. मी माझ्या टॉवेलने हात पुसले.

"ऐन वक्ताला लगाम ओढला तिनं," मी म्हणालो. "घोडं बिचकलं. पर तिचं काय चुकत न्हाई, दादा. पोरासोरांच्या हाती घोडं देऊ ने. चूक माझी." आणि एवढ्यावर थांबायला काय हरकत होती? पण मी पुढे बोललो. "हिच्या हाताला लाभली न्हाई, दुसरं काय."

बायकांमध्ये कुजबुज झाली. आमच्याकडे हा शब्द साधा नाही. एखादीच्या हाताला जनावर लाभत नाही म्हटलं की ते तिच्या नावामागे लागतं. मला हे ठाऊक नव्हतं असं नाही.

वैजयंता चरातून वर आली. ओढणीला रक्त, हातात झेंडूची तुटलेली माळ. "अण्णा," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय. मी एक गोष्ट लपवली. गणपतीतच सांगणार होते..."

"ऱ्हाऊ दे, पोरी," मी घाईने म्हणालो. "आता काय उपेग?"

"नाही, पण तिचा..."

"गप बस," पिसाळ म्हणाले. त्यांनी कधी लेकीवर आवाज चढवला नसावा. तो चढवताना तो फाटला. "अण्णा मोठ्या मनाचे म्हणून काय बोलंनात तुला. हात लाव घोडीला. लाव हात. आन शपथ घे. पुन्यांदा कुठल्या जित्राबाला हात लावणार न्हाई म्हण."

तिने चरात वाकून शेवंतीच्या मानेला हात लावला आणि शपथ घेतली. शब्द सगळे म्हणाली. मी तिथेच उभा होतो. एक वाक्य बोलायचं होतं मला. मी टॉवेलची घडी घातली.

मला अजून आठवतं की घाट चढणाऱ्या बसमध्ये मला भूक लागली होती.

पुढे पाचगणीत माझं नाव झालं. घोडं मेलं तरी गिरणीवाल्यांकडून भरपाईची सुपारीसुद्धा न मागता परत आलेला माणूस. आणि तेव्हापासून मी नियम केला: अठराच्या आतल्या कुणाच्या हाती घोडं सोडायचं नाही. मोठमोठ्या साहेबांच्या मुलांना मी तोंडावर नाही म्हणालो. लोक म्हणायचे, अण्णा भिलारे तत्त्वाचा माणूस. जांभुळखेडची गोष्ट मी शेकडो वेळा सांगितली असेल. फक्त माझी हाक त्यातून केव्हाच गळाली होती. सांगता सांगता पोरीचा लगामाचा हिसका जरा मोठा होत गेला.

चोवीस वर्षांनी आमच्या घोडेमालकांची बैठक झाली. पाचगणीतल्या एका शाळेने विचारलं होतं की पावसाळ्यात घोडी खाली धाडण्याऐवजी शाळेच्या पागेत ठेवाल का? नववी-दहावीची मुलं सांभाळतील, बसतील. आमच्यातल्याच मेहबूब घोडेवाल्याचा पोरगा अश्फाक याच्या बाजूने तावातावाने बोलत होता. "अण्णा, आपण सगळे बाराव्या वर्षी घोड्यावर बसलोय. पोरांना दिलं नाही तर आपल्यामागं घोडं धरणार कोण?"

मला बोलायला उभं केलं. एकाहत्तरीला माझ्या शब्दाला वजन आलं होतं. मी जांभुळखेडची गोष्ट सांगितली. मागच्या बाकावर शाळेची चार-पाच मुलं बसली होती; त्यांचे चेहरे एकेक करून उतरत गेले. "पोराची चूक नसते," मी शेवट केला, "पण जीव जनावराचा जातो."

टाळ्या वाजल्या. तेवढ्यात जनावरांची नवी डॉक्टर, शर्वरी ओंबळे, जागेवरूनच म्हणाली, "अण्णा, एक विचारू? ऊन होतं ना?"

"व्हय, चांगलं ऊन."

"मग घोडी उघड्या चरात पाय कशी घालेल? दिसत असताना घोडं साध्या डबक्यात पाय टाकत नाही."

चोवीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. "उन्हानं दिपली आसंल," मी म्हणालो आणि खाली बसलो. शाळेला नाही कळवायचं ठरलं. अश्फाक माझ्याकडे न बघता निघून गेला.

डॉक्टर पायऱ्यांवर चप्पल घालत थांबली होती. माझी वाट बघत होती हे मला कळलं.

"डावा डोळा बघितला होता का कुणी तिचा?" तिने हळूच विचारलं.

"व्हय."

"कुणी?"

"मी," मी म्हणालो.

तोंडातून पहिल्यांदाच बाहेर पडलं. पोरीकडे जाण्याच्या दोन वर्षं आधी करवंदीच्या जाळीत शेवंतीच्या डाव्या डोळ्याला काटा लागला होता. जखम भरली, नजर गेली. वरून डोळा तसाच दिसायचा; उन्हात तिरपं बघितलं तर जरा निळसर झाक. तपासणीत कळलं असतं तर सवारीचा परवाना गेला असता, बाजारात कुणी दारात उभं केलं नसतं. म्हणून मी तिच्या डाव्या अंगाला चालायला लागलो. माझा हात, माझा आवाज त्या बाजूला असला की ती कुठे अडखळत नसे. दोन सीझन मी असे काढले. पिसाळांनी खोड विचारली ती सवयीची, आजारपणाची. मी त्यांना अंगावरचे भोवरे दाखवले. खोटं एक अक्षर बोललो नाही.

आणि मेव्हण्याकडे का पाठवली नाही? त्याला आठ दिवसांत कळलं असतं. काटा लागल्यापासून पावसाळ्यात मी तिला वरच छपरात दडवली होती, पण खूर कुजायला लागले. पोरीला कळणार नाही, म्हणून पोरीला दिली. पोरांना घोडी द्यावी का, यावर मी चोवीस वर्षं लोकांना शिकवत होतो, आणि मी ती दिली होती पोर आहे म्हणूनच.

डॉक्टरने सगळं ऐकलं. "ती मुलगी कुठे असते?" एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी मी जांभुळखेडला उतरलो. गिरणीत वैजयंताचा भाऊ होता. दादा, म्हणजे रंगराव, गेल्या वैशाखात गेले म्हणाला. ताई कोरेगावच्या पुढे एका वस्तीवर दिलीय. त्याने वहीच्या पानावर पत्ता लिहून दिला. मी तिथे पोचलो तेव्हा दुपार कलली होती.

वैजयंता पायरीवर घेवडा सोलत बसली होती. केस कानांपाशी पांढरे झाले होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि सूप बाजूला ठेवलं.

"पाचगणीचे अण्णा?"

"ओळखलंस?"

"न ओळखून कसं चालेल?" तिने तांब्याभर पाणी आणलं. अंगणाच्या कडेला लांबच लांब गोठा होता, पाच-सहा म्हशी, आत कुणीतरी कण्हत कण्हत शेण ओढत होतं. "सासूबाई आहेत," ती म्हणाली. "हे कामावर गेलेत."

मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. शब्द जुळवत होतो. तीच आधी बोलली.

"बरं झालं आलात. मला तुम्हाला सांगायचं होतं, तेव्हा कुणी बोलू दिलं नाही. अण्णा, शेवंतीचा डावा डोळा गेला होता. माझ्याकडं असताना."

मी रिकामा तांब्या पुन्हा उचलला.

"श्रावणात मला दिसलं. निळी झाक आली होती. मी डाव्या बाजूनं हात हलवला तर पापणी लवेना. गिरणीचं पीठ उडून उडून झालं ते. म्हणून मी तिला लांब बांधली, रोज गुलाबपाणी घातलं, त्रिफळ्याच्या पाण्यानं धुतलं. तुम्ही गणपतीत आलात तेव्हा सांगणार होते. पण सांगितलं असतं तर तुम्ही लगेच तिला नेलं असतं. म्हणून मी गप्प बसले. आणि मग मी तिच्यावर बसून आले, मिरवायला. डाव्या अंगानं चालत आले असते तर ती जगली असती." तिने एक शेंग उचलली, सोलली नाही. "लगाम ओढला हे खरंय. पण खरी चूक ती नव्हती. डोळाही मीच घालवला."

"पोरी," मी म्हणालो, "तो डोळा गेला त्याला तवा दोन वर्सं झाली हुती."

तिने हातातली शेंग परत सुपात ठेवली.

"करवंदीचा काटा. मला ठावं हुतं. तुझ्या हाती दिली तवा मला ठावं हुतं. आन त्या दिवशी हाक मी मारली, म्हणून ती वळली."

गोठ्यात फावड्याचा आवाज चालू होता. मला वाटलं ती रडेल, ओरडेल, मला उठायला सांगेल. यातलं काहीही मी आनंदाने घेतलं असतं.

"मी रोज गुलाबपाणी घालत होते," ती म्हणाली.

"त्यानं काय होनार नव्हतं."

"पंधरा वर्षांची होते मी, अण्णा."

"व्हय."

"दादा गेले. त्यांना कुणी सांगायचं आता?" तिचा आवाज चढला नाही. "माझं लग्न ठरलं तेव्हा दादांनी इथं आधीच सांगून टाकलं होतं. पोरगी गुणाची आहे, पण हाताला जनावर लाभत नाही, गोठ्यात घालू नका. नंतर कळून बोल नको म्हणून. माझ्याच बापानं. त्यामुळं या घरात मी शेणाला हात लावलेला नाही. म्हैस व्याली की मला खोलीत बसवतात. सासूबाईंना उठवत नाही, तरी धार त्याच काढतात. माझ्या लेकीनं शेळीचं करडू मागितलं, तर तिलाही नको म्हणाले, आईचा हात."

मी पागोटं काढून मांडीवर घेतलं. मी मरायला टेकलेला माणूस तिच्या पाया पडलो असतो, पण त्याने तिचं काय होणार होतं? "मी काय करू, ते सांग," मी म्हणालो.

"मला सांगून काय होणार? आत जाऊन त्यांना सांगा. सगळं, पहिल्यापासून. हाकेसकट."

मी उठलो. ती माझ्यामागे आली आणि गोठ्याच्या दारात थांबली. आत म्हातारी फावड्याला टेकून धापा टाकत उभी होती. मी माझं नाव सांगितलं, गाव सांगितलं, आणि सांगायला सुरुवात केली. एकदा मी हाकेचा भाग ओलांडून पुढे गेलो, तेव्हा दारातून वैजयंता म्हणाली, "अण्णा, हाक." मी मागे येऊन तेही सांगितलं.

माझं संपल्यावर तिने मला नीट न्याहाळलं. "तुमाला देवानं लई आयुष्य दिलं म्हनायचं," ती म्हणाली. मग दाराकडे वळली. "ये गं आत. धारंची येळ झाली. ही कासंडी घे."

वैजयंता हलली नाही.

"ये म्हनते न्हवं. ऐकलंस की आता. तुझ्या हातात कायबी न्हाई वंगाळ."

पुढची म्हैस मान वळवून दाराकडे बघत होती. वैजयंताने उंबऱ्यापाशी एक पाय उचलला, मग तो होता तिथेच परत ठेवला आणि दोन्ही हात पदराखाली घेतले.

"ऱ्हाऊ द्या आत्या," ती म्हणाली. "आता माझंच मन घेत न्हाई."